बाईंना हॉटेलवर पोचवून या

त्याचं खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं, पण कंपनीत सगळे त्याला पुटपुटे म्हणत. नवीन आलेली माणसं कित्येक महिने तेच आडनाव समजून चालायची. एकदा एका नाट्यगृहवाल्याने त्याच्या खोलीच्या दारावर 'श्री. पुटपुटे' अशी पाटीच लावली होती. तो हसला, पण पाटी काही काढली नाही.

मी त्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायचो आणि तो प्रॉम्प्टर होता. दौऱ्यावर आम्हा दोघांना एकच खोली मिळायची, त्यामुळे त्याच्याबद्दल मला जरा जास्त माहिती.

लहानपणी घशाच्या कसल्याशा दुखण्यात त्याचा आवाज गेला होता. पार गेला नव्हता, पण ओरडणं म्हणून त्याला जमायचं नाही. रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची तर हा रस्ता ओलांडून जायचा. कुजबुजला मात्र की प्रत्येक अक्षर सुटं आणि कोरडं कानात पडायचं. त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान आमच्याकडे सुतार होते. ते त्याला पडद्यामागे खिळे-हातोडी पुरवायला म्हणून घेऊन आले. एका तालमीला प्रॉम्प्टर आला नाही, तेव्हा कोणीतरी संहिता याच्या हातात कोंबली, आणि ती पुढे त्याच्या हातातून सुटलीच नाही. लग्न त्याने केलं नाही. दौरा नसला की बहिणीकडे मागच्या खोलीत राहायचा आणि भाचीचा अभ्यास घ्यायचा. त्याच्या कुजबुजत्या आवाजामुळे तिला म्हणे पाढेसुद्धा गुपितासारखे वाटायचे.

डाव्या विंगेत त्याचं बुटकं स्टूल असायचं. मांडीवर संहिता आणि शेजारी कागदाची टोपी घातलेला लहानसा दिवा. कोणाला पहिला शब्द पुरतो आणि कोणाला अख्खं वाक्य भरवावं लागतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. एक नट तर असा होता की वाक्य तोंडावर असलं तरी विंगेतून आल्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही.

बाईंना मात्र तो काहीच देत नसे. बाई म्हणजे आमच्या नाटकाचा कणा. नाटक एका थंड डोंगरी गावातल्या विधवा आईचं होतं, म्हणून अंगात कोट आणि पायात बूट. दुसऱ्या अंकात ती भांडणाऱ्या मुलांना घराबाहेर काढते, आणि ते लांबलचक भाषण ऐकायलाच लोक पुन्हा पुन्हा यायचे. पहिल्याच वर्षी बाईंनी पुटपुटेला बजावलं होतं, "माझं भाषण सुरू झालं की तुम्ही बाहेर जाऊन चहा पिऊन येत जा. तुमचे ओठ हलताना दिसले की कोणी माझ्या ताटात हात घालतंय असं वाटतं मला."

तो खरंच चहाला जायचा. वर्षानुवर्षं त्याचा तो चहा ठरलेला होता.

मग एका प्रयोगात तो स्टुलावरून उठत असताना बाईंनी डावीकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण असं पाहणं तो ओळखायचा. तो खाली बसला आणि त्याने शब्द दिला. बाईंनी तो असा उचलला की शेजारी उभ्या नटालाही पत्ता लागला नाही. त्या दिवसापासून त्याचा चहा बंद झाला. पुढे दोन वर्षं तो बाईंचा श्वास मोजत बसायचा आणि त्या अडखळायच्या आधीच शब्द पुढे सरकवायचा. कोणाजवळ कधी बोलला नाही, माझ्याजवळसुद्धा नाही.

मग एका मोठ्या शहरात आमचे सलग प्रयोग लागले. नाट्यगृह नवंकोरं होतं. विंगा खोल आणि थंड हवेच्या यंत्राची सतत घरघर. पुटपुटेचं स्टूल रंगमंचापासून बरंच आत गेलं, म्हणून दुपारपासून तो कुरकुरत होता.

दुसऱ्या अंकात बाईंनी कोटाच्या खिशातून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि त्या थांबल्या. लोकांना आधी तो अभिनयच वाटला. एकाने टाळीही वाजवली. पुटपुटेने शब्द दिला. पुन्हा दिला. मग अख्खं वाक्य दिलं, इतक्या जोरात की पुढच्या रांगांना ऐकू गेलं. तेव्हा अंधारातून कोणीतरी ओरडलं, "अहो बाई, 'चालते व्हा' म्हणा की!" आणि नाट्यगृह हसलं. बाई त्या आवाजाकडे वळल्या, पाहुण्याशी बोलावं तशा नम्रपणे म्हणाल्या, "हो, ऐकलं," आणि तशाच उभ्या राहिल्या. थोरल्या मुलाचं काम करणाऱ्या नटाने स्वतःच्या पदरचं काहीबाही बोलून अंक संपवला. तिसऱ्या अंकात बाईंना फारसं बोलणं नव्हतं, तो कसाबसा उरकला.

प्रयोग संपल्यावर मॅनेजरने पुटपुटेला सामानाच्या पेट्यांशेजारी गाठलं.

"उद्यापासून धाकटी उभी राहील," तो म्हणाला. धाकटी म्हणजे सुनेचं काम करणारी नटी.

"धाकटीचं पाठांतर कुठे आहे?"

"आहे. मीच करायला सांगितलं होतं, दोन महिने झाले. तुम्हाला काय वाटलं, कोणाला कळत नाही? तुमचा चहा का बंद झाला, एवढंही मला समजू नये?"

पुटपुटेने संहिता मिटून पेटीत टाकली.

"बाई उद्या सकाळच्या गाडीने घरी जातील. आता त्यांना हॉटेलवर पोचवून या, आणि वाटेत तेवढं सांगा."

"मी?"

"मी सांगितलं तर त्या भांडतील. त्या भांडल्या की मी माघार घेईन, आणि उद्या पुन्हा आजच्यासारखं होईल. तुमच्याशी त्या भांडायच्या नाहीत." मॅनेजरचा चेहराही काही आनंदी नव्हता. "लोक पदरमोड करून येतात, पुटपुटे. बाईंची कीव करायला नाही येत."

बाई रंगपटाचं दार आतून लावून बसल्या होत्या. सगळे दमलेले, कोणाला कोणाशी बोलायचं नव्हतं. आम्ही बसमध्ये चढलो आणि बस सुटली. पुटपुटे रंगपटाच्या दाराबाहेर पेटीवर बसून राहिला. झाडणारा माणूस दिवे मालवत त्याच्यापर्यंत आला, तेव्हा कुठे बाई बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं, पण कानामागे रंग तसाच. पायात नाटकातले काळे बूट, कारण त्यांच्या चपलांची पिशवी बसमधून पुढे गेली होती.

टॅक्सीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. दुकानं बंद झालेली, पाट्यांवरचे दिवे मात्र जळत होते.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मीही नाही. आज कोणी विचारलंच नाही."

पुटपुटेने घसा खाकरला. बाईंनी वळून पाहिलं, तसं त्याने सरळ टॅक्सीवाल्याला विचारलं, अजून किती लांब आहे. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "साहेब, गाडी चालवतोय मी, उडवत नाही."

हॉटेलच्या थोडं अलीकडे रस्ता खणून ठेवला होता. टॅक्सीवाल्याने त्यांना तिथेच उतरवलं. मातीच्या ढिगाऱ्यांमधून, फळ्यांवरून पाय सांभाळत दोघं निघाले. बाईंची रंगपेटी पुटपुटेच्या हातात होती. बूट चावत होते म्हणून बाई लंगडत होत्या, पण त्याचा हात धरायला तयार नव्हत्या.

तो रस्ता हॉटेलांचाच होता. सगळी एका साच्यातून काढलेली. काचेचं दार, दाराशी कुंडीत प्लास्टिकचं झाड, आत टेबलामागे पेंगणारा कारकून. बाई त्यातल्या एकाचं दार ढकलून तडक आत गेल्या. पुटपुटेच्या तोंडून "बाई, हे नाही" निघेपर्यंत त्या टेबलापाशी पोचल्याही होत्या.

"माझी किल्ली द्या," त्या म्हणाल्या.

कारकून डोळे चोळत उठला. "खोली कितवी?"

"अहो, रोजचीच."

"नाव सांगा, बघतो."

बाईंनी नाव सांगितलं. ते त्यांचं माहेरचं नाव होतं, नाटकात येण्याच्याही आधीचं. इतक्या वर्षांत ते पुटपुटेच्या कानावर कधी पडलं नव्हतं. त्याला आधी वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. कारकुनाने कागदावरून बोट फिरवलं.

"या नावाचं कोणी नाही आपल्याकडे, आजी."

"नीट बघा. वडिलांच्या नावाने असेल."

कारकुनाने बाईंच्या खांद्यावरून पुटपुटेकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ कळायला शब्द लागत नाहीत. पुटपुटे पुढे झाला. "आमचं चुकलं, आमचं हॉटेल पुढे आहे." शक्य तितक्या मोठ्याने म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

बाहेर आल्यावर बाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि एक बूट काढून हातात घेतला. टाचेला फोड आला होता.

"मी दार चुकले, पुटपुटे."

"सगळी सारखीच आहेत हो. कोणीही चुकेल."

"समजूत काढू नका. तुम्ही नाही चुकलात."

तोही पायरीवर टेकला, जरा अंतर ठेवून. समोर खड्ड्याभोवती लावलेले तांबडे दिवे उघडझाप करत होते. सांगायचं ते राहून गेलं आणि भलतंच तोंडातून आलं.

"विंग फार आत होती, बाई. त्यात त्या यंत्राची घरघर. माझा आवाजच पोचला नाही तुमच्यापर्यंत. उद्या मी भांडून स्टूल पुढे घ्यायला लावतो."

"पोचला की."

"काय?"

"तुमचा आवाज. पहिल्यांदा दिलात तेव्हाच अगदी स्वच्छ ऐकू आला. नंतर दिलात तोही आला, आणि तो कोण मेला ओरडला, त्याचंही ऐकलं." बाई बुटाच्या आत बोट घालून काहीतरी चाचपत होत्या. "पण ते माझं आहे, हेच कळेना. मला वाटलं, हे कोणाशी बोलतायत? ज्याच्याशी बोलतायत तो उत्तर का देत नाही?"

पुटपुटे मला म्हणाला, दुपारपासून विंगेला शिव्या घालत होतो तेच बरं होतं, निदान दोष विंगेचा तरी वाटत होता. आणि बहुधा त्यामुळेच, आता आणखी लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, त्याने एका दमात सांगून टाकलं.

"बाई, उद्याचा प्रयोग धाकटी करणार आहे. तुम्हाला सकाळच्या गाडीने घरी जायचंय. मॅनेजरनी ठरवलंय."

बाईंनी बुटातलं बोट बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "आणि परवाचा?"

"परवाचाही."

"बरं."

त्यांनी बूट पुन्हा पायात चढवला. नाडी बांधायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"तुम्हाला कधीपासून कळत होतं? माझं हे?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" त्या ताठ बसल्या. "म्हणजे मधूनमधून यायचा तो शब्द तुमचा होता?"

"हो."

"आणि मला वाटायचं, मीच सावरतेय. दर वेळी मनात म्हणायची, बघ, निसटलं होतं, पण आलं की नाही? घरी जाऊन मी गाढ झोपायची, पुटपुटे."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"मी डॉक्टरकडे गेले असते." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं, असं तो म्हणायचा. "माझ्या आईचं असंच झालं होतं. मला माहीत होतं काय असतं ते. मी काही भित्री बाई नाही. कोणी सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात गेले असते. तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत."

त्याने रंगपेटी उचलली. बाई उठल्या आणि चालू लागल्या, लंगडत, पण त्याच्यापुढे. पुढच्या हॉटेलच्या दाराशी थांबल्या. आत पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मागे न वळता विचारलं, "हेच ना?"

"हेच."

इकडे हॉटेलात मी जागाच होतो. बसमधून उतरल्या उतरल्या मॅनेजरने बाईंनी विंगेत काढून ठेवलेला नाटकातला तपकिरी कोट माझ्याकडे दिला होता. सकाळपर्यंत धाकटीच्या अंगाला बसला पाहिजे. खोलीत उकडत होतं म्हणून मी दार उघडं टाकून, पलंगावर मांडी घालून, कोटाच्या शिवणी उसवत होतो. पावलं ऐकू आली. पुटपुटेच असणार म्हणून मी मान वर केली नाही. सावली हलेना, तेव्हा पाहिलं, तर दारात बाई उभ्या होत्या.

कोट कुठे लपवणार? माझ्या मांडीवर तो उलटा पसरलेला होता, अस्तर बाहेर काढून. बाई आत आल्या. कमरेच्या शिवणीवर बोट फिरवलं. माझ्या टाचण्या पाहिल्या.

"खांद्यांना हात लावू नका," त्या म्हणाल्या. "खांदे तिला बरोबर येतील. कमरेत अजून दोन बोटं घ्या, आणि खालची दुमड सोडा. ती माझ्यापेक्षा उंच आहे."

"बरं, बाई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आणि डाव्या खिशाला भोक आहे. किल्ली आत घसरते. तिला सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी चाचपत बसेल." एवढं बोलून त्या त्यांच्या खोलीकडे गेल्या. पुटपुटे रंगपेटी घेऊन त्यांच्या मागोमाग गेला आणि दाराशी पेटी ठेवून परत आला. बूट न काढताच पलंगावर बसला. मी शिवत होतो आणि तो सांगत होता, त्याच्या त्या कोरड्या आवाजात. शिवण संपली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.

सकाळी बाईंबरोबर तोही गाडीत चढला. बाईंना मूलबाळ नव्हतं. पुतण्या आणि त्याची बायको त्यांना सांभाळायला तयार झाले होते, तिथपर्यंत त्याने त्यांना पोचवलं. मॅनेजर चिडला, पण त्याने अडवलं नाही. त्या दिवशीचा प्रयोग प्रॉम्प्टरशिवाय झाला. धाकटी कुठे अडली नाही. खोटं कशाला सांगू, चांगलं केलं तिने. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी विंगेत कोटाच्या दुमडीकडे बघत होतो.

पुतण्याने बाईंना डॉक्टरकडे नेलं तेव्हा पुटपुटे सोबत होता. डॉक्टरने विचारलं, हे कधीपासून आहे? पुतण्याला सांगता येईना. पुटपुटेने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर बरं करता आलं असतं असं नाही, पण थोडं लांबवता आलं असतं. कदाचित. तो 'कदाचित' शब्द पुटपुटे घरी घेऊन आला.

दौरा संपत आला तेव्हा तो कामावर परतला, पण त्याचं काम बिघडलं होतं. नट डावीकडे पाहायचा आणि हा संहितेवर बोट ठेवून नुसता विचारात. द्यावा का? देऊन आपण काय करतोय? तोवर नटाला घाम फुटलेला. एकदा एका नटाने आत येऊन त्याची कॉलर धरली. मॅनेजरने त्याला तो हंगाम निभावू दिला. पुढच्या हंगामात कंपनीने नटांच्या कानात घालायची छोटी यंत्रं आणली. पुटपुटेने स्वतःहूनच निरोप घेतला आणि मेव्हण्यांच्या सुतारकामाच्या दुकानात लाकडाला पॉलिश करायला लागला.

जमेल तेव्हा तो बाईंना भेटायला जायचा. कधी त्या त्याला भाऊ समजायच्या, कधी घर दुरुस्त करायला आलेला माणूस. कधी मात्र दारातूनच ओळखायच्या आणि आनंदाने म्हणायच्या, "पुटपुटे, तुम्ही? अजून चहाला नाही गेलात?" त्या दिवशी तो परत येताना बसमध्ये उभ्यानेच यायचा म्हणे, जागा असली तरी. एका जागी बसवायचंच नाही.

एकदा पुतण्याच्या बायकोने त्याला दारातच थांबवलं. चांगली मुलगी होती, बोलताना तिचेच डोळे भरले.

"काका, राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की काकू रात्रभर झोपत नाहीत. बूट घालून बसतात. म्हणतात, सगळे पुढे गेले, मला हॉटेलवर कोण पोचवणार? कडी काढून बाहेर निघतात. परवा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या."

"इतर दिवशी?"

"इतर दिवशी झोपतात."

त्याने आणलेली फळं तिच्या हातात दिली आणि तो दारातूनच परत फिरला. आतून बाईंचा आवाज येत होता, कोण आलंय म्हणून विचारत होत्या. पुतण्याची बायको म्हणाली, कोणी नाही, पत्ता विचारत होते.

मी त्यानंतर वर्षभराने त्याच्या दुकानात गेलो होतो. एका कपाटाच्या दारावर तो हळूहळू बोळा फिरवत होता. हात पॉलिशने काळपट झालेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "चल ना, एकदा बाईंना बघून येऊ. मी येतो सोबत."

"नको," तो म्हणाला. "त्यांना झोप लागते आता."